बंद पडलेलंच आणा

१

मी एकदा बोलायला बसले की ब्रह्मदेवाच्या बापालाही थांबवता येत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. आता लिहायची वेळ आलीय तर आधी काय सांगावं नि नंतर काय, हेच उमगत नाही. म्हणून आपली पहिल्यापासून सुरुवात करते.

मी बसस्थानकावर घोषणा करायचे. 'गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे, प्रवाशांनी गर्दी करू नये,' तो आवाज माझा. खोक्याएवढ्या खोलीत बसायचं, माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं. की बाहेर खांबावरच्या पत्र्याच्या कर्ण्यातून माझाच आवाज मला परत ऐकू यायचा, जरा उशिरा, जरा चेपलेला. आपला आवाज बाहेरून कसा येतो हे बाकीच्यांना नीट ठाऊक नसतं. मी तो नोकरीभर रोज ऐकलाय. हे मुद्दाम सांगून ठेवते, नाहीतर वाचणारा म्हणेल, बाई, तुमची काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल.

निवृत्त झाले आणि दादाकडे राहायला आले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर तो एकटा पडला होता, आणि मलाही मागेपुढे कुणी नाही. पाणीपुरवठ्यात फिटर होता. पाइप, व्हॉल्व्ह, पाने यांत त्याची हयात गेली. आता त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चाललीय. डॉक्टर त्या आजाराचं लांबलचक नाव सांगतात. वहिनीचं नाव गेलं, घरचा पत्ता गेला, जेवलो की नाही तेही जातं. डोळ्यांनाही धड दिसत नाही, माणूस तो आवाजावरून ओळखतो. पण रोज सकाळी मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "दादा, उठलास का रे?" आणि आतून उत्तर यायचं, "उठलो गं टिणे. चहा टाक."

टिणी हे माझं घरातलं नाव. लहानपणी दादा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा आणि मी रस्ताभर घंटी वाजवत सुटायचे, त्यावरून पडलेलं. त्या नावाने हाक मारणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नाही. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे एवढं एक राहू दे, असं मी रोज चहाच्या भांड्याकडे बघत मनात म्हणायचे.

डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मग त्या वर्कशॉपचं सांगितलं. भंगारातून पुतळे बनवतात, दुपारी कुणीही जाऊन बघावं, हवं तर तुकडे घासायला बसावं. "घरातली एखादी मोडकी वस्तू न्यायची, ती ते पुतळ्यात लावतात," काकू म्हणाल्या. आता काकूंच्या सल्ल्याने मी मागे झुरळांचं औषध आणलं होतं, ते खाऊन झुरळांनी बाळसं धरलं. तरी म्हटलं, जाऊन तर बघू.

पण न्यायला मोडकं काही सापडेना. मी चालू वस्तू टाकत नाही आणि मोडकी वस्तू दुरुस्त होईपर्यंत सोडत नाही. शेवटी दादाच्या स्क्रूच्या डब्यात तळाशी ती घंटी मिळाली. सायकल कधीच गेली होती, घंटी कशी राहिली कोण जाणे. गंजून तांबडी झालेली. मी खटका दाबला. टक. पुन्हा दाबला. टक. तिसऱ्यांदा अंगठ्याने जोर लावला, तर आली की हो लहानपणीसारखी, टिण! आणि आतल्या खोलीतून दादाने ओ दिली, "आलो गं!"

मला हसूच आलं. म्हटलं, डब्यात गंजण्यापेक्षा कुठेतरी लागलेली बरी.

२

टायरवाला आणि गाड्यांना रंग मारणारा यांच्या मधल्या बोळात ते पत्र्याचं शेड होतं. दारावर गाडीचं जुनं बॉनेट टांगलेलं आणि त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, 'बंद पडलेलंच आणा'. आत शिरलं की आधी तेलाचा आणि जळक्या लोखंडाचा वास यायचा. मग अंधाराला डोळे सरावले की पुतळे दिसायला लागायचे. साखळ्यांचा घोडा, चमच्यांची पिसं लावलेलं घुबड, कुकरच्या झाकणाचं कासव. मागच्या भिंतीला माणसं. एक वाकलेलं, एक टेकून उभं, एक तर चक्क डोकं खाजवत होतं. चेहरे कुणालाच नव्हते, तिथे नुसते पत्रे.

मालकीण पन्नाशीची असेल. अंगात चामड्याचा एप्रन, कपाळावर सारलेला वेल्डिंगचा मास्क. सगळी गल्ली तिला भंगारताई म्हणते आणि ती खुशाल ओ देते. दादाकडे बघून तिने एक शब्द विचारला नाही. त्याच्या एका हातात कानस दिली, दुसऱ्यात पितळेचा जुना नळ. दादाने नळ फिरवून बघितला, अंगठ्याने आटे चाचपले आणि घासायला बसला. कितीतरी दिवसांनी मी त्याला असा बसलेला पाहत होते. मला भरून आलं.

"वस्तू काय आणलीत?" भंगारताईने विचारलं.

मी घंटी दिली. तिने खटक्यावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. "बंद पडलेलीच आहे ना?"

"अहो, बंदच. गंजून गेलीय पार."

"नक्की?"

"मग काय, घंटीचं सर्टिफिकेट आणू का आता?"

बस बदलत, दादाला सांभाळत मी एवढ्या लांब आले होते. एका 'टिण'साठी परत जायची माझी तयारी नव्हती. आणि तीनदा दाबल्यावर एकदा वाजते, तिला काय चालू म्हणायचं?

"चालू वस्तू लागली की काम बिघडतं," ती म्हणाली.

"बिघडतं म्हणजे?"

"जोड धरत नाही. आत स्प्रिंग जिवंत असली की हादरे बसतात, टाके सुटतात."

हे पटण्यासारखं होतं.

तिने मला एका बसलेल्या बाईपाशी नेलं. बाई म्हणजे पुतळाच. मांडी स्कूटरच्या मडगार्डची, पाठीचा कणा साखळीचा, तारेचा अंबाडा. डोकं आणि धड यांच्यामध्ये फक्त एक सळई होती. "हिला गळाच नाहीये अजून," भंगारताई म्हणाली आणि घंटी तिथे धरून बघितली. मापाने केल्यासारखी बसली. तिने मास्क खाली ओढला, मला डोळे मिटायला सांगितलं आणि दोन टाके मारले. "पूर्ण जोड नंतर भरीन," ती म्हणाली.

मी डोळे मिटूनच होते. तेवढ्यात आवाज आला. टिण. स्वच्छ, गंजाचा मागमूस नसलेला.

"तापलं की वाजतं कधी कधी," भंगारताई म्हणाली. पण तिने मास्क वर करून माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

दादाची कानस थांबली होती. "काय गं टिणे?" तो म्हणाला.

मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. तो उजवीकडे बघत होता, पुतळ्याकडे. दिसत नाही बिचाऱ्याला, म्हणून मी म्हटलं, "दादा, मी इकडे आहे." माझा आवाज चिरकला. धुराने असेल.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा घसा बसला होता. "दादा, उठलास का रे?" मी ओरडले, निदान ओरडायला गेले. आतून उत्तर नाही. जाऊन बघते तर दादा पलंगाच्या कडेला सरळ बसलेला, पाहुण्यांच्या घरी बसावं तसा.

"चहा मिळेल का, बाई?" त्याने विचारलं.

मला क्षणभर वाटलं, थट्टा करतोय. "अरे, मी टिणी," मी म्हटलं. तो अदबीने हसला आणि वाट बघत राहिला.

मी चहा केला आणि ओट्याला टेकून विचार केला. यात घाबरण्यासारखं काय आहे? तो माणूस आवाजावरून ओळखतो, माझा घसा बसलाय, मग ओळखणार कसा? घसा सुटला की सगळं ठीक होईल. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाले, अगदी स्वच्छ आहे, काही सूजबीज नाही. दादाबद्दल म्हणाले, हे असं पुढे जाणारच, मन घट्ट करा. म्हणजे दोन्हींना कारणं होती. तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय चुकतंय ते सापडत नव्हतं.

एका दुपारी मी भांडी घासत होते. बाहेरच्या खोलीतून दादाने हाक मारली, "टिणे!" मी ओल्या हातांनी धावले. "आले रे दादा!"

तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला नाही हो. बहिणीला हाक मारली. आत्ता बोलत होती ती."

"काय बोलत होती?"

"हळू चालव म्हणाली. उतार आहे."

आमच्या शाळेच्या वाटेवर एक उतार होता. तिथे दादा पाय वर घेऊन सायकल सोडून द्यायचा आणि मी किंचाळायचे, दादा, हळू चालव, उतार आहे! इतक्या वर्षांत आमच्यात त्या उताराचा विषय कधी निघाला नव्हता. त्याला आपसूक आठवलं असेल. की भांडी घासता घासता मीच पुटपुटले? मला स्वतःशी बोलायची सवय आहे, नाही असं नाही. पण असं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं, आणि न आठवण्याचा आजार आमच्यापैकी कुणाला आहे, असा एक भलताच विचार मनात येऊन गेला.

घसा सुटला नाही. उलट रोज थोडा थोडा खाली जात होता. एकदा किल्ली आत राहिली म्हणून मी जिन्यात उभी राहून दादाला हाका मारत होते. खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, अशा मुकाट्याने काय उभ्या? हाक मारायची की!"

आणि गंमत बघा, दादा मात्र सुधारत होता. जेवताना अचानक त्याने वहिनीचं नाव घेतलं. माझ्या हातातला डाव खाली पडला. "तुला आठवलं?" मी कुजबुजले. "टिणीने आठवण करून दिली," तो म्हणाला. मग पहिल्या नोकरीतल्या साहेबाचं नाव सांगितलं, जुन्या घराच्या नळाला कुठे गळती होती ते सांगितलं. सगळं बरोबर. एक मी सोडून त्याला सगळं परत येत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्या आनंदाने मला रडवलं.

"मला टिणीकडे घेऊन जाल का?" त्याने मला विचारलं. कुठे ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

४

आम्ही गेलो तेव्हा भंगारताई ग्राइंडर चालवत होती. ठिणग्या उडत होत्या. दादा तिच्याकडे न बघता, हात पुढे धरून, सरळ मागच्या भिंतीपर्यंत चालत गेला. त्या अडगळीत तो कशाला अडखळलाही नाही.

"घंटी परत हवीय," मी म्हटलं.

तिने ग्राइंडर बंद केला आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी पुन्हा म्हटलं. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ताई, ती चालू होती का?"

मी होकाराची मान हलवली.

"मग दारावर एवढं मोठं लिहिलंय ते काय शोभेला?" ती चिडली. छिन्नी आणि हातोडी घेऊन निघाली. "दोनच टाके आहेत. एका घावात पडेल."

पुतळ्यापाशी जाऊन ती थांबली. गळ्यावरून अंगठा फिरवला, मग एप्रनला अंगठा पुसून पुन्हा फिरवला. मला जवळ बोलावलं. घंटीच्या भोवती टाके नव्हते. वरपासून खालपर्यंत जोड भरलेला होता, इतका गुळगुळीत की पत्रा कुठे संपतो आणि घंटी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. गंजही नव्हता.

"हे तुम्ही भरलंत?" मी विचारलं.

"मी नाही," ती पटकन म्हणाली. मग म्हणाली, "भरलं असेन. विसरले असेन. इथे दुसरं कोण आहे?" पण ती तिथे बोट घासतच राहिली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

दादा पुतळ्याला कान लावून उभा होता. मधूनच हसत होता, हं हं म्हणत होता, फोनवर समोरच्याचं ऐकताना म्हणतात तसं. मला तरी काही ऐकू येत नव्हतं.

"आता कापायची तर गळ्यातूनच कापावी लागेल," भंगारताई म्हणाली आणि तिने ग्राइंडर सुरू केला.

दादाने दोन्ही हातांनी पुतळ्याला मिठी मारली. "काय करताय! अहो लागेल तिला! टिणे, घाबरू नको, मी आहे!" तो रडत होता. वहिनी गेली तेव्हासुद्धा दादा रडला नव्हता. त्याच्या मनगटाला पत्र्याची कड लागून रक्त आलं तरी त्याने हात सोडला नाही.

भंगारताईने चाक थांबवलं. "तुमची वस्तू आहे. तुम्ही सांगा."

मला 'कापा' म्हणायचं होतं. मला 'नको' म्हणायचं होतं. यांतलं काय म्हणणार होते ते मला आजही सांगता येणार नाही, कारण तोंड उघडलं तर नुसती हवा आली. भंगारताईने त्याचा अर्थ 'नको' असा घेतला आणि मशीन खाली ठेवलं.

५

त्यानंतर माझा आवाज परत आला नाही.

दादाच्या हत्यारांच्या पेटीत लोखंड कापायची करवत होती. मी ती बाजाराच्या पिशवीत घालून दाराला अडकवून ठेवली. नुसती असू दे म्हणून. एका दुपारी जरा डोळा लागला आणि जाग आली तर दार उघडं, दादाच्या चपला नाहीत. जिन्यात विचारायची सोय नव्हती, विचारणार कशाने? मी पिशवी घेतली आणि बस पकडली.

भंगारताई शेडच्या बाहेर ताडपत्री बांधून काम करत होती. सगळं सामान तिने रस्त्यावर मांडलं होतं.

"आलेत तुमचे दादा," ती म्हणाली. "जा आत. मी हल्ली आत काम करत नाही." मला थांबलेली बघून तिने नजर टाळली. "रेडिओ लागल्यासारखं होतं आत. लक्ष लागत नाही."

मी आत गेले. घोडा, घुबड, कासव. दुपारच्या उन्हाने पत्रे तडतडत होते. मागून दादाचा आवाज येत होता, तरुण माणसासारखा भराभर. "आणि मग त्या दिवशी चेन पडली आणि आपण दोघं शाळा बुडवून घरी!"

"पडली कुठे रे? मी रडत होते म्हणून तूच थांबलास. चेन पडल्याचं सोंग केलंस."

मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. जरा उशिरा येणारा, जरा चेपलेला, पत्र्याच्या कर्ण्यातून येणारा. तो आवाज माझा होता.

आणि चेन पडल्याचं सोंग? मला तर चेन पडलेलीच आठवत होती. दादाचे काळे हात आठवत होते. ते मी विसरले होते, की मला कधी माहीतच नव्हतं? मी खूप ताण देऊन बघितला. सायकल आठवेना, तो रस्ता आठवेना. आठवणीत आता नुसता उतार राहिला होता.

मी पिशवीतून करवत काढली आणि पुढे सरकले. दादा स्टुलावर बसला होता, पाठमोरा. समोर ती. पत्र्याचा चेहरा जिथल्या तिथे, हात मांडीवर. पण गळ्यातल्या घंटीचा खटका आपोआप खाली गेला आणि वर आला, बोलायच्या आधी माणूस आवंढा गिळतो तसा. मग ती बोलली, "दादा, कुणीतरी आलंय."

माझ्या पायाखाली पत्रा वाजला. दादा वळला. मनगटावर पट्टी होती आणि चेहरा इतका सुखी होता की माझा हात खाली आला.

"कोण आहे? बाई का कुणी?" तो म्हणाला. "या ना, या. बसा." त्याने उठून मला स्टूल दिलं. तो आमचा दादा, डोळ्यांनी दिसत नसलं तरी आल्यागेल्याला आधी बसायला देणार. "ही माझी धाकटी बहीण. बसस्थानकावर घोषणा करते. तोंडाची फार फटकळ आहे, पण जीव आहे माझा. तिला कधी बोललो नाही मी हे."

मी बसले. करवत स्टुलाखाली ठेवली. कापणार कशाला आणि कुणासाठी? फक्त एकदा मला त्याला दादा म्हणायचं होतं. मी आवंढा गिळला, सगळा जोर घशात आणला आणि तोंड उघडलं.

टक.

दादाने कान टवकारले. मी पुन्हा प्रयत्न केला.

टक.

"बोलता येत नाही का हो तुम्हाला?" दादाने विचारलं.

खटका खाली गेला, वर आला. "राहू दे रे दादा," ती माझ्या आवाजात हळूच म्हणाली. "बंद पडल्यात त्या."

"अरेरे," दादा म्हणाला. त्याने माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने बोटांची पेरं चाचपली, त्या दिवशी नळाचे आटे चाचपले होते तशी. मग भिंतीकडच्या पत्र्याच्या माणसांकडे मान वळवली.

"पण टाकून देऊ नको हं यांना," तो तिला म्हणाला. "कुठेतरी लागतील."